परवाना आणि संमति

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम केली, त्याला सरकारी परवाना मागण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीं तर तिसरें कलम जोडल्यावांचून तो राहिला नसता. त्यांतून तो परवाना दारूचा असला, म्हणजे अर्जदाराबरोबर त्याच्या घरच्यांची, आप्तांची आणि शेजाऱ्यांचीहि परीक्षा होते. अशी एक परीक्षा गेल्या वर्षीं साताऱ्यास आमच्या पेठेंत झाली. तिच्यांत मी अर्धा सल्लागार आणि अर्धा साक्षीदार होतों. त्या निमित्तानें जें पाहण्यांत, वाचण्यांत आणि विचारांत आलें, तें वाचकांपुढें, आणि विशेषेंकरून वाचक भगिनींपुढें, ठेवावेंसें वाटतें.

तरुणाचा बेत

आमच्या वाड्यास लागूनच एक जुना दुचौकी वाडा आहे. त्या घरचा मुलगा रसायनशास्त्राचें शिक्षण घेऊन पुण्यास नोकरीस होता. वडील वारल्यावर आई एकटी पडली, म्हणून तो परत आला. मुलगा सालस, कष्टाळू, तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लावणाऱ्या घरांत वाढलेला. एके दिवशीं सायंकाळीं तो कागदांची फाईल घेऊन आमच्या ओसरीवर आला आणि म्हणाला, “काका, तुम्हीं उभा जन्म कोर्टाच्या कागदांत घालविलात. माझा एक अर्ज पाहून द्याल का?”

अर्ज कसला हें कळल्यावर मी क्षणभर गप्पच बसलों. वाड्याच्या बाहेरच्या चौकांत लहानसें मद्यगृह काढावयाचें, तेथेंच आपल्या हातानें बिअर तयार करावयाची आणि तेथेंच ती गिऱ्हाइकांस बसवून द्यावयाची, असा त्याचा बेत होता. अशा जागेस हल्लीं ब्रू-पब म्हणतात. पुण्यांत २००९ सालीं ‘डूलाली’ या नांवानें महाराष्ट्रांतील पहिली अशी छोटी ब्रुअरी निघाली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईस अशीं स्थळें बरींच झालीं. तेथें काम करणाऱ्यांकडून हा मुलगा ती विद्या शिकून आला होता.

“ही गुत्त्याची गोष्ट नव्हे, काका,” तो म्हणाला. “जव भिजवून त्यांना मोड आणायचे, वाळवून किंचित् भाजायचे, भरडायचे आणि सुमारें पासष्ट अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेवायचे. पिठाची साखर होते. मग तें पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचें, निववायचें आणि त्यांत यीस्ट सोडायचें. आई इडलीचें पीठ आंबवते, त्याच जातीचें काम. दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार. तिच्यांत मद्यार्क शेंकडा चार ते सहा. बव्हेरियांत १५१६ सालीं राजाज्ञा निघाली होती कीं, बिअरमध्यें जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये. इतकें हें शुद्ध काम आहे.”

त्याचें बोलणें खोटें नव्हतें. स्वतःच्या हातानें कांहीं निर्माण करावें आणि आपल्याच गांवीं राहून चार पैसे मिळवावे, या इच्छेला नांवें ठेवण्याचा मला काय अधिकार? गांव सोडून गेलेलीं मुलें परत येत नाहींत म्हणून आपणच रडतों. एक परत आला, तर त्याला पहिल्या दिवशींच दारांत अडवावें, हें मनाला पटेना. मीं चष्मा लावला आणि कागद वाचावयास घेतले.

दारूबंदीच्या कायद्याखालीं दारू

पहिलाच कागद वाचून हंसूं आलें. दारू करण्याचा आणि विकण्याचा परवाना आपल्या राज्यांत ज्या कायद्याखालीं मिळतो, त्याचें नांव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’. ही विसंगति कशी झाली, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यास १८७८ चा आबकारी कायदा लागू होता. त्याचा हेतु उघड होता. दारूवर सरकारचें नियंत्रण असावें आणि तिचें उत्पन्न तिजोरींत पडावें. १९३७ सालीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. त्या वेळीं डॉक्टर गिल्डर हे आबकारी खात्याचे मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यांत बंदी झाली. बालसरा नांवाच्या एका नागरिकानें त्यावर दावा लावला. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें औषधें आणि प्रसाधनें यांतील मद्यार्काविषयींचीं कांहीं कलमें रद्द केलीं, पण बंदीचा मुख्य भाग कायम ठेवला.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल होत गेली. १९७३ सालीं देशी दारूचे नियम झाले. परंतु मूळ कायदा रद्द झाला नाहीं. त्याच्या पोटांतच परवान्यांची एक मोठी वसाहत उभी राहिली. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण रोज पाट्यांवर वाचतों, तो त्या काळाचाच अवशेष आहे. पिणाऱ्यापाशीं परमिट असलें पाहिजे, अशी त्या खोलीची अट. कायद्याच्या पुस्तकांत ती अट आजहि आहे, आणि बिअर व वाइन यांसाठीं एकवीस, तर कडक दारूसाठीं पंचवीस वर्षांची वयोमर्यादाहि आहे.

तेव्हां आमच्या तरुणास एका छपराखालीं दोन धंदे करावयाचे होते, आणि त्यांसाठीं दोन वेगळ्या परवानग्या हव्या होत्या. बिअर तयार करण्यासाठीं एक, आणि ती बसवून पाजण्यासाठीं दुसरी. ही दुसरी १९५३ च्या विदेशी मद्याच्या नियमांतील; कचेरींत तिला ‘एफएल-थ्री’ म्हणतात. गव्हापासून वा जवापासून सातारी पाण्यांत केलेली बिअरहि कायद्याच्या भाषेंत ‘विदेशी’ ठरते, हा आणखी एक विनोद! अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे जातो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालून पुढें सरकतो. जागेच्या मालकीचा कागद, सहमालकांची संमति, वास्तूचा नकाशा, खाद्यगृहाचा परवाना, अन्नसुरक्षेची नोंदणी, पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी, प्रतिज्ञापत्र, अशी ती माळ असते. निरीक्षक येऊन जागा पाहतो. परवान्याची फी गांवाच्या लोकसंख्येवर ठरते. वर्ष ३१ मार्चला संपतें आणि दरवर्षीं नूतनीकरण करावें लागतें. भट्टीच्या प्रत्येक लिटराची नोंद ठेवावी लागते, कारण त्यावर शुल्क आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. किराणा मालाचें दुकान काढणें हा नागरिकाचा हक्क आहे. दारूचें दुकान काढणें हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणांत हें स्पष्ट सांगितलें, आणि मादक पेयांना आळा घालण्याचा यत्न सरकारनें करावा, असें घटनेचें ४७ वें कलमहि सांगतें. म्हणजे परवाना ही समाजानें, सरकारच्या हातानें, एखाद्यास दिलेली सवलत आहे. सवलत जर समाजाची, तर ती देतांना समाजास विचारतात काय? या प्रश्नाचें उत्तर मी त्या कागदांत शोधूं लागलों.

मीटरांचा हिशेब

मला सांपडले ते मीटर. शाळा, देऊळ आणि एस्. टी. स्थानक यांपासून ठराविक अंतर पाहिजे; शहराच्या वर्गानुसार तें पन्नास वा पंचाहत्तर मीटर धरतात. आमच्या पेठेंतील मारुतीपासून वाड्याच्या दारापर्यंत तरुणानें स्वतः फीत लावून पाहिली होती. अंतर पुरेसें भरलें, म्हणून तो खुशींत होता.

मीटरांचें हें माहात्म्य सातारकरांना नवें नाहीं. पुणें-बंगळूर महामार्ग आमच्या शहराच्या कुशींतून जातो. डिसेंबर २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पांचशें मीटरांच्या आंत दारूविक्री नको. ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांस दोनशें वीस मीटरांची सूट मिळाली. जुलै महिन्यांत न्यायालयानेंच खुलासा केला कीं, नगरपालिकांच्या हद्दींतील परवान्यांना या आज्ञेचा अडथळा नाहीं. दारू पिऊन गाडी हांकणाऱ्यांमुळें जे जीव जातात ते वांचावे, हा मूळ हेतु; पण त्याची चर्चा शेवटीं फितीवर आणि हद्दीच्या खुंटांवर आली.

नियम असणें वाईट नाहीं. २०२२ सालीं सरकारनें असेंहि फर्माविलें कीं, देवदेवता, राष्ट्रपुरुष आणि गडकिल्ले यांचीं नांवें दारूच्या दुकानांस देऊं नयेत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हांस त्याचें बरेंच वाटलें. परंतु पाटीवरच्या नांवाची काळजी करणाऱ्या त्या कागदांत, भिंतीस भिंत लावून राहणाऱ्या घराला काय वाटतें, हें विचारणारा रकाना मला कोठें आढळला नाहीं. खेड्यांत ग्रामसभेचा ठराव लागतो. गृहनिर्माण संस्थेच्या आवारांतील नव्या बिअर व दारूच्या दुकानास संस्थेचें ना-हरकत पत्र लागेल, असें मार्च २०२५ मध्यें विधानसभेंत सांगण्यांत आलें. पण जुन्या पेठेंतील वाड्यांची संस्था कोठें असते? तेथें शेजार हीच संस्था, आणि तिची नोंदणी कोणत्याहि कचेरींत नाहीं.

कागद पूर्ण होते. उणीव एकाच सहीची होती. वाडा वडिलोपार्जित, २००५ च्या दुरुस्तीनें अशा मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तरुणाची आत्या सांगलीस असते. तिच्या संमतीवांचून अर्ज लंगडा होता. “आत्या नाहीं म्हणायची नाहीं,” तो म्हणाला, “पण काका, तुम्हीं बरोबर चला. तुम्हीं असलां म्हणजे तिला धीर येईल.” ती आणि मी एकाच आळींत खेळलेलों. मी निघालों.

कृष्णाकांठानें सांगलीस

सातारा सोडल्यावर रेल्वे कोरेगांव, कराड करीत कृष्णेच्या खोऱ्यांतून खालीं उतरते. किर्लोस्करवाडी आली तेव्हां तरुण खिडकींतून बोट दाखवूं लागला. “काका, पलीकडे पलूस. तेथें सरकारनेंच वाइन पार्क काढला आहे.” त्याचें म्हणणें खरें होतें. २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखलें. त्यानंतर नाशिककडे विंचूर आणि इकडे पलूस, असे दोन वाइन पार्क औद्योगिक विकास महामंडळानें उभारले. तासगांवकडच्या द्राक्षांना बेदाण्याखेरीज आणखी एक वाट मिळावी, हा विचार. नाशिककडे ती वाट रुंद झाली. पलूसला तितकी झाली नाहीं. पुढें जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं द्यावी, असा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, साताऱ्यांतहि आंदोलन झालें, आणि तो निर्णय कागदावरच राहिला.

“म्हणजे शेतकऱ्याचें हित, उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याचें हित, तिजोरीचें हित, हीं सगळीं दारूच्या बाजूला,” मी म्हणालों.

“आणि विरुद्ध बाजूला, काका?”

त्याचें उत्तर मला गाडींत देतां आलें नाहीं. तें सांगलीस गांवभागांतल्या एका स्वयंपाकघरांत मिळालें.

आत्याबाईंचे तीन प्रश्न

सांगली ही नाटकवाल्यांची. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं मराठी नाटकाचा पहिला प्रयोग येथें केला. ‘विद्याहरण’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर येथलेच. महाभारतांतली ती कथा वाचकांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांसारखा ज्ञानी पुरुष, संजीवनी विद्येचा धनी, पण मद्याच्या पेल्यांतून आपल्याच शिष्याची राख पोटांत घेऊन बसला. खाडिलकरांचें नाटक १९१३ सालचें. त्यापूर्वीं पांच वर्षें, १९०८ सालीं, टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यास स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे राहून लोकांस परतवीत होते. १९१९ सालीं गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें. तीं नाटकें आपल्या घरांतून वाचलीं गेलीं, त्यांतलीं पदें बायकांनीं पाठ केलीं. तरी सुधाकर हा नेहमीं दुसऱ्याच्या घरांत असतो, अशीच आपली समजूत राहिली.

आत्याबाईंनीं आमचें ऐकून घेतलें. नकाशा उलगडून पाहिला. बाहेरचा चौक, टाक्या, बसण्याची जागा, मोरी, सारें त्यांनीं बोट ठेवून विचारून घेतलें. मग त्या चहाचें आधण ठेवावयास उठल्या आणि पाठमोऱ्याच बोलूं लागल्या.

“तुझे काका गेले तेव्हां तूं लहान होतास. एकावन्नाव्या वर्षीं यकृताच्या विकारानें गेले, एवढें तुला ठाऊक. विकार कशानें झाला, तें आम्हीं कोणाला सांगितलें नाहीं. तुझ्या वडिलांनासुद्धां नाहीं.”

तरुण चकित होऊन माझ्याकडे पाहूं लागला. मलाहि तें नवें होतें.

“ते कोठल्या गुत्त्यांत बसत नसत. घरांतच, स्वच्छ खोलींत, काचेच्या पेल्यांतून. कोणावर कधीं हात उगारला नाहीं. पण पगाराच्या दिवशीं मी कचेरीच्या दाराशीं जाऊन उभी राहत असें. शेजारणी म्हणत, नवऱ्यावर काय जीव आहे हिचा! मी पैसे घेण्यासाठीं जात असें रे. घरीं येईपर्यंत ते उरले नसते.”

चहा झाला. आत्याबाई येऊन समोर बसल्या. आवाज चढला नव्हता, डोळे भरले नव्हते.

“तुझी बिअर शुद्ध असेल. मी तीन गोष्टी विचारतें, त्यांचीं उत्तरें दे. रात्रीं एखादा गिऱ्हाईक उठायला तयार नसला, तर त्याला ‘आतां पुरे’ म्हणणारा कोण? तो गाडीवर बसून घरीं जाईल. तिथें जी बाई दार उघडील, तिला तूं ओळखतोस का? आणि तिसरी गोष्ट. तुझा धंदा नीट चालला असें केव्हां म्हणायचें? लोक बेतानें प्याले तेव्हां, कीं पुष्कळ प्याले तेव्हां?”

पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें. दुसऱ्याला तो थबकला. तिसऱ्याला गप्पच बसला. खरें पाहतां तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर भल्याभल्या अर्थमंत्र्यांनाहि देतां आलेलें नाहीं.

“मी सही करणार नाहीं असें म्हणत नाहीं,” आत्याबाई म्हणाल्या. “वाडा तुझाहि आहे. पण आधीं पेठेंत घरोघर जा. दुसऱ्या कोणाला पाठवूं नकोस, तूं जा. आणि पुरुषांना विचारूं नकोस. जी दार उघडील तिला विचार. काय म्हणाली तें वहींत लिही. ती वही घेऊन ये, मग सहीचें पाहूं.”

आधीं विचारावें कीं मागून?

परततांना मी मनाशीं विचार करीत होतों. आत्याबाईंनीं कायद्याचें पुस्तक उघडलें नव्हतें. पण त्यांतला जो रकाना मला सांपडला नव्हता, तो त्यांनीं स्वतः आंखून दिला होता.

आपल्या राज्यांत स्त्रियांना दारूच्या दुकानाविरुद्ध बोलण्याचा हक्क नाहीं असें नव्हे. आडवी बाटली आणि उभी बाटली या खुणा महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत परिचित आहेत. मार्च २००८ च्या आदेशानें जी रीत घालून दिली, तींत गांवांतील वा प्रभागांतील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनीं, किंवा एकूण मतदारांपैकीं तितक्यांनीं, लेखी मागणी केली कीं गुप्त मतदान होई. निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीला पडलीं कीं दुकान बंद. सातारा जिल्ह्यांतील बायकांनीं या हत्याराचा उपयोग केलेला आहे. परंतु त्यांत मेख अशी कीं, हें निम्में झालेल्या मतदानाचें नव्हे, सगळ्या यादीचें. जी बाई माहेरीं गेली, जी आजारी पडली, जिला नवऱ्यानें घराबाहेर पडूं दिलें नाहीं, तिचें न पडलेलें मत दुकानाच्याच पदरांत जाई. आणि मुख्य गोष्ट ही कीं, हें सारें दुकान उघडल्यानंतरचें. घर जळूं लागल्यावर विहीर खणावयाची परवानगी!

इंग्लंडांतील रीत येथें पाहण्यासारखी आहे. तेथें २००३ च्या कायद्याप्रमाणें अर्जदारानें आपल्या दाराबाहेर फिकट निळ्या कागदावर जाहिरात अठ्ठावीस दिवस लावून ठेवावी लागते. येणाराजाणारा ती वाचतो. शेजाऱ्यांस हरकत लिहून कळवितां येते, आणि आवश्यक तर नगरमंडळ दोन्हीं पक्षांस समोर बसवून ऐकतें. गुन्हेगारीस आळा, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रवाचा प्रतिबंध आणि मुलांचें रक्षण, या चार कसोट्यांवर निर्णय होतो. ज्या देशांत मद्यगृह हें गांवजीवनाचें अंग मानतात, तेथें शेजाऱ्यास आधीं विचारतात. आणि ज्या राज्यांत कायद्याचें नांवच दारूबंदी आहे, तेथें त्याची आठवण मागून होते, हें नवल नव्हे काय?

हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं. ज्यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, ते जोतीराव फुले १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद होते. शहरांत वाढणाऱ्या दारूच्या दुकानांनीं कुटुंबांची काय दशा होते, तें त्यांनीं लेखी पत्रानें अधिकाऱ्यांच्या कानीं घातलें. शेजारच्या वतीनें बोलणारा नगरसेवक तेव्हां एक होता. आज असे किती आहेत, तें ज्यानें त्यानें आपल्या प्रभागांत पाहावें.

सरसकट बंदी हा उपाय काय? मला त्याची खात्री वाटत नाहीं. अमेरिकेनें १९२० सालीं बंदी केली आणि १९३३ सालीं ती मागें घेतली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं बंदी झाली, ती २०२१ सालीं उठली. गडचिरोलींत मात्र १९९३ पासूनची बंदी लोकांच्या आग्रहानें टिकून आहे. या उदाहरणांतून एवढेंच दिसतें कीं, वरून आलेली आज्ञा, मग ती बंदीची असो वा परवान्याची, खालच्या संमतीवांचून टिकत नाहीं.

वहींतलें उत्तर

तरुण पेठेंत फिरला. तीन आठवडे रोज सायंकाळीं तो दोन-तीन घरीं जाई. ती वही त्यानें मला दाखविली.

एका निवृत्त शिक्षिकेनें लिहविलें: ‘हरकत नाहीं. चोरून चालतें त्यापेक्षां दिव्याच्या उजेडांत चाललेलें बरें. निदान कोण जातो तें दिसेल.’ एका तरुण सुनेनें लिहविलें: ‘आम्हीं दोघेंहि कधीं पुण्यास जातों तेव्हां बसतों. पण माझीं मुलें ज्या दारावरून शिकवणीस जातात, तेथें नको.’ एकीनें गाड्या कोठें उभ्या राहतील, एवढेंच विचारलें. पुष्कळ जणींनीं स्पष्ट नको म्हटलें. कांहीं जणींनीं ‘तुझ्या आईला चालतें का?’ असें उलट विचारलें. एका घरीं बाई दारांत उभी राहून सगळें ऐकत होती, आणि एक शब्दहि न बोलतां आंत गेली. तिच्या नांवापुढें त्यानें रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती बाई त्याच्या आईकडे आली आणि बराच वेळ बसली. काय बोलणें झालें तें आईनें मुलाला सांगितलें नाहीं. त्या रात्रीं एवढेंच म्हणाली, “ती आत्याचीच गोष्ट आहे रे, फक्त घर दुसरें.”

वहीचीं पानें संपलीं तेव्हां नकार अधिक होते, पण मला वाटतें, त्याला नकारांपेक्षां तो कोरा रकाना जड गेला. त्या वर्षीं अर्ज गेला नाहीं. वाड्याचा बेत त्यानें सोडला. वस्तीबाहेर, औद्योगिक वसाहतीकडे, केवळ बिअर करण्यापुरती जागा मिळते का तें तो पाहत आहे. आत्याबाईंच्या सहीचा कागद कोराच राहिला, आणि ती वही सांगलीस त्यांच्यापाशीं आहे.

“काका,” एकदां तो मला म्हणाला, “अर्ज केला असता तर परवाना मिळाला असता, नाहीं का?”

“मिळाला असता,” मी म्हणालों. माझ्या मतें तेंच या सगळ्या गोष्टीचें सार आहे. कागद बिनचूक होते, मीटर पुरेसे होते, फी भरण्याची तयारी होती. एवढ्यावर परवाना मिळतो. संमति ही वेगळी वस्तु आहे, आणि ती मिळविण्याचें काम कायद्यानें अर्जदारावर टाकलेलें नाहीं.

वाचकांस दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. आपल्या आळींत अशा दुकानाची कुणकुण लागली, तर तें उघडण्याची वाट पाहूं नका. अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आपलें म्हणणें, अनुकूल असो वा प्रतिकूल, वेळेवर लेखी द्या. सार्वजनिक शांततेसाठीं दुकान बंद ठेवण्याचा अधिकार कायद्याच्या १४२ व्या कलमानें जिल्हाधिकाऱ्यांस आहे. पण त्यांना पेठ दिसत नाहीं, कागद दिसतो. आणि दुसरी गोष्ट घराच्या आंतली. मद्यार्काची अमुक मात्रा निर्धोक असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय शाखेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. तेव्हां काचेचा पेला आणि स्वच्छ खोली ही कांहीं औषधाची मात्रा नव्हे. ज्या घरांत तो कोरा रकाना असेल, त्या घरानें तो एकट्यानें सांभाळूं नये. पुण्यास १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे, साताऱ्यास ‘परिवर्तन’ आहे. तेथें जाणें ही कुळाची नाचक्की नव्हे.

आत्याबाई पगाराच्या दिवशीं कचेरीच्या दाराशीं वर्षानुवर्षें उभ्या राहिल्या, आणि आम्हां कोणाला कळलें नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.